कागदावरच्या जल्पाबेन

॥ श्री खोडियार माता प्रसन्न ॥

अहमदाबाद,
१४ जून २०१०

तीर्थरूप मोटाबापा यांच्या सेवेशी,
कृपालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायची वेळ तुम्हीच आणलीत. मी घर सोडलं त्या दिवशी तुम्ही देवघरात नारळ ठेवून मातेची बाधा, शपथच, घेतलीत, की कृपाली परत येऊन पाया पडेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलणार नाही. आता मी फोन लावला की तुम्ही उचलता, माझा आवाज ऐकता, खोकता आणि ठेवून देता. खोकण्याची सूट मातेने दिली आहे की काय, ठाऊक नाही. पण बाधा बोलण्याची आहे, वाचण्याची नाही, म्हणून लिहिते आहे.

मी सुखरूप आहे. समाजाच्या कन्या छात्रालयात एका खोलीत आम्ही तिघी आहोत. राजकोटचे पाहुणे मला बघायला आले आणि मी बसमध्ये होते, याचा तुम्हाला राग आहे. त्याची माफी मी मागणार नाही. मला आधी शिकायचं आहे हे मी चार वेळा सांगितलं होतं, आणि चारही वेळा तुम्ही पाहुण्यांना गाठिया किती लागतील एवढंच विचारलंत. बापूंनी भट्टीकडे बघत ऐकून घेतलं. ते माझे वडील असले तरी तुमचे धाकटे भाऊ, तुमच्यासमोर बोलत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आता कामाचं. इथल्या मोठ्या व्यवस्थापन संस्थेचा अर्ज पुढच्या वर्षी डिसेंबरात भरायचा आहे, म्हणजे अजून दीड वर्ष. शिकवणीतले सर म्हणतात, अभ्यास शेवटच्या सहा महिन्यांतही होतो, पण कागद आजपासून जमवा, कारण हुशार मुलं अभ्यासात पडत नाहीत, कागदात पडतात. मला दोन कागद हवेत. एक म्हणजे जिथे काम केलं तिथला अनुभवाचा दाखला. दुसरा, कामात ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या माणसाचं शिफारसपत्र. दुसऱ्याचं मी बघते. पहिला तुमच्या हातात आहे.

चार वर्षं मी आपल्या प्लांटवर परदेशी मालाचं सगळं काम पाहिलं. ड्रॉइंग वाचणं, पितळेच्या प्रत्येक इन्सर्टचे, त्या बोटभर नळीचे, आटे गेजच्या मापाने तपासणं, पेट्या भरून घेणं, पोलंडच्या ग्रॅबोव्स्कीसाहेबांशी रोजचा पत्रव्यवहार. एवढंच कंपनीच्या कागदावर लिहून खाली सही करायची आहे. खोटं एक अक्षर नको आहे.

तीर्थरूप मोटीबांना नमस्कार. लोभ नसला तर नसू दे, दाखला मात्र असावा ही विनंती.

तुमची,
कृपाली

*

जामनगर,
२१ जून २०१०

चि. कृपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. हे रीतीचे आहेत. मनातले तू घरी आल्यावर.

पत्र मिळालं. मी खोकतो, कारण प्लांटवरचा धूर चाळीस वर्षं छातीत गेला आहे. त्याच धुरावर तू शिकलीस. हे एकदा लक्षात घे आणि मग विनोद कर.

दीड वर्ष आधीपासून अर्जाची तयारी. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. अजून तुझा नंबर लागायचा आहे, पेपर व्हायचा आहे, आणि तू दाखले गोळा करत सुटली आहेस. आमच्यात मुलीच्या लग्नाची तयारीसुद्धा एवढी आधी करत नाहीत, आणि ती तू होऊ दिली नाहीस.

घरच्या मुलीने घरच्या कारखान्यात हात लावला तर त्याला नोकरी म्हणत नाहीत. तुझी आई तीस वर्षं या घरात रोटले थापते आहे. उद्या तिने अनुभवाचा दाखला मागितला तर तोही देऊ काय? तुला हौस होती, आम्ही जाऊ दिलं. स्कूटर घेऊन दिली. प्रत्येक धनतेरसेला काहीतरी सोन्याचं तुझ्या हातावर ठेवलं. समाजात कोणत्या घरात मुलीला एवढी मोकळीक आहे ते सांग.

आणि समज, द्यायचं म्हटलं तरी देता येणार नाही. हजेरीपुस्तकात चार वर्षं एक्स्पोर्ट मॅनेजर म्हणून जल्पावहूचं नाव आहे. हिशेबनीस म्हणाले होते, घरातली एक बाई कामावर दाखवा, कराला सोयीचं पडतं. तेव्हा तुझाही विचार झाला. मी म्हणालो, मुलगी परक्या घरी जायची, लग्न झालं की नाव काढा, पुन्हा कागद करा. सून कुठे जाते? म्हणून माझ्या परेशच्या बायकोचं नाव घातलं. तिला नेमणूकपत्रही दिलं आहे, मोटीबांच्या कपाटात आहे. खुर्ची एक आणि मॅनेजर दोन, असा दाखला मी कसा देऊ? सही माझी जाते.

राजकोटचे लोक अजून नाही म्हणालेले नाहीत. सांगितलं आहे की मुलगी आत्याकडे गेली आहे. श्रावणाच्या आत ये.

तुझे हितचिंतक,
रमणीकलाल सभाया

*

अहमदाबाद,
२८ जून २०१०

सौ. जल्पाभाभी, एक्स्पोर्ट मॅनेजर, यांस,
कृपालीचा स. न. वि. वि.

नेमणुकीबद्दल अभिनंदन. मला कळायला चार वर्षं लागली, म्हणून इतक्या उशिरा करते आहे.

मी कामाला लागले तेव्हा मोटाबापा म्हणाले होते की कुंवाऱ्या मुलीचं नाव रोज परदेशी पुरुषांकडे जाणं बरं नाही, समाजाला चार तोंडं आहेत, तेव्हा पत्रव्यवहार जल्पावहूच्या नावाने कर, तिचं लग्न झालेलं आहे. मला तेव्हा हसू आलं. चार वर्षं मी ग्रॅबोव्स्कीसाहेबांना तुमच्या नावाने लिहिलं, आणि दर नाताळाला ते शुभेच्छा पाठवतात त्या तुम्हाला. मला वाटायचं, नाव फक्त पत्राच्या खाली आहे. हजेरीपुस्तकातही तेच आहे, आणि माझं कुठेच नाही, हे मला मोटाबापांच्या पत्रातून कळलं. ते वाचून मी छात्रालयाच्या गच्चीवर जाऊन रडले, हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही.

तुम्हाला हे माहीत होतं. नेमणूकपत्रावर सही केल्याशिवाय ते कपाटात जात नाही. पॅकिंग लिस्टच्या चाळीस-चाळीस कागदांवर तुम्ही ओट्याशी उभ्या राहून सह्या करायचात, एका कागदावर तर तुपाचं बोट उमटलं होतं आणि तो तसाच पोलंडला गेला. गेज कशाला म्हणतात हे तुम्हाला आजही माहीत नसेल. याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, भाभी, आणि नागोबाला निदान बीळ कोणी खणलं याची कल्पना असते.

माझं म्हणणं सरळ आहे. मोटाबापांना लिहून द्या की हे काम तुम्ही एक दिवसही केलं नाही, माझं नाव काढा आणि कृपालीबेनचं घाला. तुम्हाला त्या नावाचा उपयोग काय? माझं सगळं पुढचं त्यावर अडलं आहे. दाखला नसेल तर माझ्या अर्जात चार वर्षं कोरी दिसतील, जणू मी घरी बसून भरतकाम करत होते.

उत्तराची वाट पाहते. परेशभाईंना नमस्कार.

कृपाली

*

जामनगर,
७ जुलै २०१०

कृपालीबेन यांस,
जय श्रीकृष्ण.

तुमचं पत्र दुपारी आलं. भांडी आवरून वाचलं आणि चार दिवस तसंच ठेवलं, कारण त्याच दिवशी लिहिलं असतं तर कागद जळला असता.

मी उपलेट्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले, पहिल्या वर्गात. तुम्ही बी.एस्सी. दुसऱ्या वर्गात पास झालात, हे घरात कोणी काढत नाही, मीही काढलं नसतं. लग्न होऊन या घरी आले तेव्हा माझ्या सासूच्या, बांच्या, तोंडून बापुजींना, म्हणजे तुमच्या मोटाबापांना, विचारलं होतं, हिशेबाच्या कामाला प्लांटवर येऊ का. बापुजींनी निरोप पाठवला की या घरच्या सुना भट्टीच्या धुरात जात नाहीत. सहा महिन्यांनी तुम्ही स्कूटरवरून त्याच धुरात जायला लागलात. तुमचा डबा मी भरायचे. संध्याकाळी तो परत देताना तुम्ही सांगायचात की वघारेल्या, फोडणीच्या, रोटल्यात आज तेल जास्त झालं होतं. चार वर्षांत एकदाही तुम्ही विचारलं नाहीत की भाभी, तुम्हाला यायचं आहे का.

गेज मला माहीत नाही, खरं आहे. दाखवला कोणी? तुम्ही जेवताना बापूंशी आट्यांबद्दल बोलायचात, मी वाढत असायची, ऐकत असायची. एकदा मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, जाऊ द्या भाभी, तुम्हाला नाही कळायचं.

सही मी केली, कारण बांनी कागद पुढे ठेवला आणि इथे कर म्हणाल्या. त्या नावाचा पगार माझ्या हातात कधी आलेला नाही, बँकेत जातो आणि तिथूनच बापुजींकडे परत येतो. चार वर्षं मी बापुजींची मॅनेजर आहे, आणि बापुजी समोर आले की पदर नाकापर्यंत ओढून भिंतीशी उभी राहते. एक शब्द आजवर त्यांच्याशी बोललेली नाही. तुमच्या त्या संस्थेत हे कोणत्या विषयात शिकवतात ते कळवा.

तुम्हाला खुर्ची मिळाली, मला नाव मिळालं. खुर्ची सोडून तुम्ही निघून गेलात आणि आता नावही मागता. मी काहीही लिहून देणार नाही. तुम्हाला दाखला हवा तर तुमच्या मोटाबापांशी भांडा, माझं नाव खोडून नको.

त्या अर्जाला आणखी काय लागतं? वयाची अट असते का? सहज विचारते.

तब्येत सांभाळा. कामापुरता लोभ आहे, त्यात वाढ नको.

जल्पा

*

अहमदाबाद,
२० जुलै २०१०

तीर्थरूप मोटाबापा यांस,
शि. सा. न. वि. वि.

श्रावण लागेल, मी येणार नाही. राजकोटच्या लोकांना खरं सांगून टाका, म्हणजे त्यांना दुसरीकडे बघता येईल.

आईच्या दाखल्याचं विचारलंत. हो, तोही द्या. तीस वर्षांचा द्या, आणि खाली लिहा की रजा एकही दिली नाही.

जल्पाभाभींना लिहिलं होतं. त्यांनी मला चांगलंच सुनावलं. त्यातलं काही खरं आहे आणि तेच जास्त झोंबलं. पण त्यांचं दुःख वेगळं, माझी अडचण वेगळी. तुम्ही आम्हा दोघींना एकाच कागदात कोंबलंत आणि आता आम्ही एकमेकींचे केस ओढतो आहोत. तुम्ही लांबून बघता.

तुमच्यावाचून माझं अडणार नाही, हे कळावं म्हणून सांगते. मी ग्रॅबोव्स्कीसाहेबांकडे शिफारसपत्र मागितलं आहे. कंपनीचं मेलचं खातं अजून मला उघडता येतं. परेशभाईंनी पासवर्ड बदललेला नाही, त्यांना तो बदलता येत नाही. माझं खरं नाव काय हे आता सांगायला मला संकोच वाटला. चार वर्षं रोज बोलणाऱ्या माणसाला मी कोण आहे हे कसं सांगायचं? म्हणून आधी पत्र हातात येऊ दे, मग नावाचं समजावून सांगू, असं ठरवलं आहे. सही करून कागदावर पाठवा, असं त्यांना लिहिलं आहे. ते लगेच हो म्हणाले.

त्यांचं पत्र आलं की मी तुमच्याकडे पुन्हा दाखला मागेन. तेव्हा परका माणूस सांगत असेल की मी काय केलं, आणि घरचा माणूस नाकारत असेल.

तुमच्या खोकल्यासाठी अडुळशाचा काढा घ्या. हे मनापासून लिहिते आहे.

कृपाली

*

जामनगर,
१६ ऑगस्ट २०१०

कृपालीबेन यांस,
जय श्रीकृष्ण.

तुमचे ग्रॅबोव्स्कीसाहेब जुन्या वळणाचे दिसतात. त्यांनी पत्र कुरियरने पाठवलं, आणि तुम्ही दुसरा पत्ता कळवला नव्हतात म्हणून त्यांच्याजवळ जो पत्ता होता त्या पत्त्यावर, ज्या नावाने त्यांना चार वर्षं पत्रं जात होती त्या नावाला. परवा दुपारी कुरियरवाल्याने माझी सही घेऊन पाकीट माझ्या हातात दिलं. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. तुम्ही मला नागोबा म्हणाला होतात, म्हणून मीही एक म्हण वापरते.

पत्र मी शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं. त्यात २००८ सालच्या अकरा पेट्यांची गोष्ट आहे. माल बोटीवर चढला होता, आणि आटे केसभर घट्ट आहेत हे इथे नंतर कळलं. साहेब लिहितात की मिसेस जल्पा सभाया यांनी बोट पोहोचायच्या आधीच कळवलं, पेट्या उघडू नका, चूक आमची आहे, नवा माल करतो आहोत. तीस वर्षांत कोणत्याही कारखान्याने स्वतःची चूक त्यांना शोधायच्या आधी सांगितली नव्हती. त्या दिवसापासून जामनगरचा माल ते तपासल्याशिवाय घेतात. ते दिवस मला आठवतात. बापुजींनी सांगितलं होतं, गप्प राहा, चालून जाईल, आणि तुम्ही जेवलाच नव्हतात. डबा भरलेला परत आला होता.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, किती चांगली बाई आहे ही. मग नाव वाचलं. मग मला रडू आलं आणि रडून झाल्यावर तुमचा राग आला. तुमचाच आला, बापुजींचा नाही, हे चूक असेल. पण मी खरं ते लिहिते.

आता बघा. नेमणूकपत्र माझ्या नावाचं आहे. चार वर्षांचे पगाराचे कागद माझ्या नावाचे आहेत. परक्या माणसाची शिफारस माझ्या नावाची आली. पहिला वर्ग तर माझाच होता. दीड वर्ष आधीपासून तयारी तुम्ही केलीत आणि फाइल माझी तयार झाली. वयाची अट नाही, हे मी परेशच्या संगणकावर पाहिलं. मी अर्ज भरणार आहे.

परेशना सांगितलं. ते हसले, मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. ते बांना सांगतील, बा बापुजींना सांगतील. आपल्या घरात माझं बोलणं असंच जातं.

तुमची पुस्तकं वाचून झाली की पाठवा. गणिताची नको, ते मला येतं.

जल्पा

*

जामनगर,
३० ऑगस्ट २०१०

चि. कृपालीस अनेक आशीर्वाद.

या वेळी मनातलेही काही आहेत, कारण मी दमलो आहे.

तू घरात काय पेटवून गेली आहेस ते पाहा. जल्पावहू म्हणते, अर्ज भरणार. माझ्या समोर म्हणत नाही, पण पोळी वाढताना ताटात ज्या तऱ्हेने पडते त्यावरून मला कळतं. दोन वर्षं अहमदाबादला जाऊन राहणार म्हणे, घरची सून. समाज काय म्हणेल हे सोड. तिथे मुलाखतीला तिला विचारलं की बाई, तुम्ही काय काम केलंत, तर ती काय सांगेल? आणि तिला काही येत नाही असं दिसलं तर ते माझे कागद बघतील. मला हे कोर्टकचेरीपर्यंत न्यायचं नाही.

म्हणून मी तोडगा काढला. मोटीबांच्या कपाटातून तिचं नेमणूकपत्र काढलं आणि भट्टीत टाकलं. पुस्तकातून तिचं नाव काढलं. परवापासून ती कंपनीत कोणी नाही. आणि या पाकिटात तुझा दाखला आहे, कंपनीच्या कागदावर, चार वर्षांचा, माझ्या सहीचा. तुझा बाप शेजारी उभा होता. तो म्हणाला, भाई, यात ती अकरा पेट्यांचीही ओळ घाला. तो माझ्यासमोर पहिल्यांदाच काही म्हणाला, म्हणून घातली आहे.

तुला हवं ते मिळालं. आता माझं ऐक. नवरात्रीच्या आत घरी ये आणि तुझ्या खुर्चीत बस. अर्जाचं पुढच्या वर्षी बघू. परेश ड्रॉइंग उलटं धरतो. पोलंडची मोठी ऑर्डर तोंडावर आहे, आणि बाहेरचा माणूस ठेवायचा म्हणजे घराची किल्ली रस्त्यावर टांगायची. जल्पावहूला लिही की ते शिफारसपत्र तुझं आहे, तिने ते तुला द्यावं. घरातली गोष्ट घरात मिटवू.

काढा घेतो आहे. कडू आहे.

रमणीकलाल

*

अहमदाबाद,
१२ सप्टेंबर २०१०

सौ. जल्पाभाभी यांस,
स. न. वि. वि.

मोटाबापांनी तुमचा कागद भट्टीत टाकला आणि माझा दाखला मला पाठवला, हे तुम्हाला कळलंच असेल. तो आता माझ्या पेटीत आहे. तुम्हाला स्पष्ट सांगते, मी तो परत करणार नाही. तुमच्या जिवावर मिळाला म्हणून मला तो नकोसा व्हायला हवा होता, दोन दिवस तसा झालाही. पण त्यातली प्रत्येक ओळ खरी आहे आणि मी त्यासाठी चार वर्षं पितळेच्या चुऱ्यात उभी होते. तुम्ही मला आपमतलबी म्हणा. मी आहे.

शिफारसपत्र तुमच्याजवळ आहे. मोटाबापा म्हणतात ते मी मागून घ्यावं. मी मागणार नाही. त्यात काम माझं आहे आणि नाव तुमचं आहे, तेव्हा ते तुमच्याही उपयोगाचं नाही आणि माझ्याही नाही. मीच घाबरून नाव लपवलं, त्याची ही किंमत आहे, ती मी देईन. मी इथल्याच ओढव वसाहतीतल्या एका बेअरिंगच्या कारखान्यात लागले आहे, माल तपासायला, सगळ्यांत खालच्या जागेवर. नेमणूकपत्रावर कृपाली जयंतीलाल सभाया असं लिहिलं आहे. तिथला वरचा माणूस नात्यातला नाही आणि त्याला मी आवडत नाही, ही चांगली गोष्ट आहे. सव्वा वर्षात त्याच्याकडून दोन चांगल्या ओळी मिळवायच्या आहेत.

मोटाबापांना एकाच ओळीचं उत्तर पाठवलं, दाखला पोचला, मी येत नाही.

आता खुर्चीचं. ती रिकामी आहे. तिच्यात परेशभाई बसले तर दिवाळीपर्यंत पोलंड हातचं जाईल, आणि ते मला सहन होणार नाही. मी ती खुर्ची कशी उभी केली ते मला माहीत आहे. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात गेजच्या डब्याखाली एक निळी वही आहे. त्यात प्रत्येक मालाचं, प्रत्येक चुकीचं आणि ग्रॅबोव्स्कीसाहेबांना काय आवडत नाही याचं सगळं लिहिलेलं आहे. ती कोणाला दाखवायची नाही असं मी ठरवलं होतं. तुम्ही घ्या किंवा घेऊ नका.

हे मी प्रेमाने लिहीत नाही. तुम्ही माझ्या पाठीवर चढून अर्ज भरायला निघाला होतात, ते मी विसरणार नाही. तुम्हाला अर्ज भरायचा असेल तर खुशाल भरा, पण आधी काम करा. तिथे मुलाखतीत चार वर्षांचं विचारतात, आणि तिथे मोटीबा निरोप घेऊन जाऊ शकत नाहीत. आपण दोघी एकाच दिवशी तिथे भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही.

रोटल्यात तेल कधीच जास्त नव्हतं. मी उगाच म्हणायची.

कृपाली

*

जामनगर,
९ ऑक्टोबर २०१०

कृपालीबेन यांस,
जय श्रीकृष्ण.

तुमचं अक्षर इतकं गिचमिड आहे की निळी वही वाचण्यापेक्षा भट्टी साफ करणं सोपं. पान एकोणीसवर तुम्ही लिहिलं आहे की पोलंडच्या लहान इन्सर्टला गेजची एक बाजू आत गेली पाहिजे आणि दुसरी अडली पाहिजे, आणि पुढे पावसाळ्यात काहीतरी करायचं असं आहे. ते काहीतरी काय आहे, ते वाचता येत नाही. तुमच्या बापूंनाही विचारलं, त्यांनाही लागलं नाही.

प्लांटवर जायला लागून आज अठरा दिवस झाले. कसं ते सांगते, कारण तुम्हाला दुसरं कोणी नीट सांगणार नाही. बापुजी सकाळी निघायच्या तयारीत होते. मी नेहमीसारखी पदर ओढून भिंतीशी उभी होते. बा म्हणाल्या, वहू, डबा दे. मी डबा दिला आणि माझ्या तोंडून शब्द निघाले की बापुजी, ऑफिसची किल्ली मला द्या, आणि आज माझाही डबा बरोबर आहे. पदराआडून त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मग किल्ली ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही, पण ठेवली. बा दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पहिल्या आठवड्यात मी एक पूर्ण पेटी चुकीची पास केली. बापूंनी ती बांधायच्या आधी उघडली आणि मला गेज कसा धरायचा ते दाखवलं. माणसं हसली. मला रागाने काही सुचेना, आणि राग तुमचा होता, कारण हे तुम्ही मला चार वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर पाच मिनिटांत दाखवू शकला असतात. नवा कागद मी मागितला आहे, माझ्या कामाच्या पहिल्या दिवसाच्या तारखेचा, त्याआधीचा नको. बापुजी अजून देत नाहीत. देतील. तोवर मी रोज हजेरीपुस्तकात सही करते, ती कोणी खोडलेली नाही. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरच्या अर्जाला माझे दिवस पुरणार नाहीत. त्याच्या पुढच्या, नाहीतर त्याच्याही पुढच्या वर्षी भरेन. तयारी लवकर सुरू करावी, हे तुमच्याकडूनच शिकले.

शिफारसपत्र या पाकिटात घातलं आहे. तुम्ही मागितलं नाहीत म्हणून पाठवते. मागितलं असतंत तर दिलं नसतं.

काल मी ग्रॅबोव्स्कीसाहेबांना पहिल्यांदा स्वतः लिहिलं. पासवर्ड मी बदलला आहे. चार ओळींना दोन तास लागले. पंधरा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं. मालाबद्दल काही नव्हतं. त्यांनी विचारलं होतं की मिसेस सभाया, तुमची तब्येत बरी आहे ना, आज पत्र तुम्ही लिहिल्यासारखं वाटत नाही. चार वर्षांत माझ्या नावाची एवढी काळजी कोणी केली नव्हती आणि ती माझी नव्हती. मग लिहिलं की मागची सगळी पत्रं माझी नणंद कृपाली हिने लिहिली होती, तुमचं शिफारसपत्रही तिचंच आहे, कृपा करून तिच्या नावाने पुन्हा लिहून द्यावं. आणि खाली लिहिलं की आजपासूनची पत्रं माझी आहेत, चुका होतील.

पान एकोणीसचं उत्तर उलट टपाली यावं. लोभाचं सवडीने बघू.

जल्पा